टपावरची डिश आणि भाऊजींची ज्वारी

आम्ही परत आल्यापासून सोसायटीतली माणसं जिन्यात अडवून विचारतात, "काय मग, कशी झाली कॅरॅव्हॅनची ट्रिप?" आमचे हे लगेच "एकदम झकास!" म्हणतात आणि बॅटरी, इन्व्हर्टर, पाण्याची टाकी यांवर जे सुरू होतात ते थांबतच नाहीत. मी तोवर वर जाऊन कुकर लावते. ज्यांना अशा गाडीचा मोह पडलाय त्यांनी आधी माझं ऐकावं, मग काय हवं ते करावं.

निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम करतात, हास्यक्लबात जातात. ह्यांनी शाळेची जुनी मिनीबस घेतली. तिच्यातली बाकडी काढून दोन खाटा, एक ओटा आणि एक संडास बसवून घेतला. संडासात माणूस उभा राहिला की दार लागत नाही आणि दार लावलं की माणूस वळत नाही. ह्याला ह्यांनी 'चालतं घर' असं नाव दिलं. माझं न चालणारं घर तिसऱ्या मजल्यावर होतं, त्यात दोन संडास होते, पण मला कोण विचारतो!

आणि टपावर डिश. गाडी जिथे थांबेल तिथे टीव्ही लागला पाहिजे, हा ह्यांचा हट्ट. आता जंगलात जाऊन टीव्ही कशाला बघायचा, असं विचारण्याची सोय नव्हती, कारण ह्या वेळी टीव्हीला खरंच कारण होतं. ते कारण म्हणजे भाऊजी.

भाऊजी म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ. वय शहात्तर. सगळी नोकरी कृषी सहायक म्हणून कर्जत तालुक्यात, मिरजगावच्या आसपासच्या कोरड्या रानांत सायकल हाणण्यात गेली. ज्वारीच्या जुन्या गावठी वाणाचं बियाणं तिथल्या बायका कसं निवडतात, कसं टिकवतात, हे त्यांनी वर्षानुवर्षं टिपून ठेवलं. दरवर्षी अहवाल लिहायचे भाऊजी आणि त्याच्यावर नाव जायचं साहेबांचं. साहेब बदलले, पद्धत बदलली नाही. भाऊजींनी कधी तोंडातून ब्र काढला नाही. वहिनी, म्हणजे माझ्या जाऊबाई, गेल्यापासून तर ते एकूणच कमी बोलतात.

तर गेल्या महिन्यात एका वाहिनीच्या शेतीच्या कार्यक्रमाला कुणीतरी भाऊजींचं नाव सुचवलं. कॅमेरेवाले आले, मिरजगावजवळच्या एका वस्तीवर शंकरराव नावाच्या शेतकऱ्याच्या रानात त्यांना उभं केलं आणि अर्धा दिवस बोलतं केलं. रविवारी सकाळी अकराला ते दाखवणार होते. एकदाच.

"फोनवर बघू की," मी म्हटलं.

"फोनवर माणूस बोटाएवढा दिसतो," भाऊजी म्हणाले. "टीव्हीवर येणार म्हणजे टीव्हीवर बघायचं."

मग आपलं घरी बसून बघायचं की नाही? पण ह्यांच्या अंगात आलं. "दादा, ज्या रानात तू बोललास त्याच रानात बसवून तुला दाखवतो!" म्हणाले. भाऊजींचा चेहरा असा काही उजळला की मी तोंड मिटलं. आणि मधले तीन दिवस गाडीची चाचणी म्हणून पुण्याहून आधी अकोले, मग काष्टी, मग मिरजगाव असा बेत ठरला. नकाशावर बघा, वेड्या माणसाशिवाय असा रस्ता कोणी धरत नाही.

अकोले, गुरुवार आणि शुक्रवार

अकोल्याच्या पुढे भंडारदऱ्याच्या वाटेला लागलं की डोळे निवतात. भातं निघून गेलेली खाचरं, कडेला पेंढ्याच्या गंजी, वर निळसर डोंगर आणि जानेवारीतली नाकाला झोंबणारी थंडी. मी खिडकीला नाक लावून बसले होते. ह्यांनी डोंगर बघितले ते फक्त एवढ्यासाठी की आग्नेयेला नेमका कुठला आहे. डिशचं तोंड आग्नेयेला लागतं ना.

एका खाचराच्या कडेला गाडी उभी केली. दहा मिनिटांत गाडीच्या दाराशी पाच माणसं रांगेत उभी. एक म्हातारी पुढे होऊन म्हणाली, "माजा डावा डोळा आदी बगा बाई, उजव्याचं मागल्या खेपंला झालंय." त्यांना वाटलं डोळे तपासायची गाडी आली. ह्यांना भारी राग आला. लाखमोलाची कॅरॅव्हॅन आणि लोकांना ती फिरता दवाखाना वाटते म्हणजे काय! मला मात्र त्या म्हातारीला परत पाठवताना फार ओशाळल्यासारखं झालं. तिच्या कामाचं आमच्या गाडीत काहीच नव्हतं.

मग डिशचा कार्यक्रम सुरू झाला. हे शिडीवरून टपावर चढले. खाली मी टीव्हीसमोर. पडद्यावर निळा रंग आणि मधोमध 'सिग्नल उपलब्ध नाही' अशी पाटी. हे वरून ओरडणार, मी खालून नाही म्हणणार. गुरुवारची अख्खी संध्याकाळ ह्यात गेली. फोनमधल्या होकायंत्रावर ह्यांचा फार भरवसा. गाडीच्या पत्र्यावर ते ठेवलं की त्याची सुई भेलकांडायची आणि मग हे सुईलाच दम द्यायचे.

शेजारी पेंढा रचणारे एक आजोबा हे सगळं शांतपणे बघत होते. शेवटी म्हणाले, "सायेब, त्यो डोंगर हाय ना म्होरं, त्यो काय हलायचा न्हाई. तुमी गाडी हलवा." हलवली. शुक्रवारी दिवसभरात तीनदा हलवली. एकदा पाटाच्या चिखलात रुतली तेव्हा त्याच आजोबांनी चार माणसं आणून ढकलून दिली. डोंगर बाजूला गेला, सिग्नल काही आला नाही.

दुपारी आजोबांच्या सुनेने, कमळाबाईंनी, आम्हाला जेवायला बोलावलं. हातसडीच्या तांदळाचा भात, उडदाचं घुटं, नाचणीची भाकरी आणि ठेचा. आमच्याकडे पाहुण्याला आधी फोन करून यावं लागतं आणि इथे रस्त्यावरून धरून आणून ताटावर बसवतात. आमच्या सोसायटीत शेजारी दरवाजाच्या फटीतून साखर देतात, तीही वाटी परत कधी देणार हे विचारून. वाढता वाढता कमळाबाईंनी विचारलं, "तुमच्या घरी टीव्ही न्हाई का?"

"आहे की," मी म्हटलं.

"मोटा हाय?"

"भिंतभर आहे."

"मंग ह्यो हितं कशापायी आनलाय?" त्या म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून हसल्या. आमचे हे घुटं ओरपण्यात गुंतल्याचं नाटक करत होते. भाऊजी ताटावरून मान वर न करता म्हणाले, "माझ्यासाठी आणलाय बाई." आणि मग मलाच कसंतरी झालं. आता टीव्ही लागलाच पाहिजे, असं मला त्या क्षणी पहिल्यांदा मनापासून वाटलं.

काष्टी, शनिवार

शनिवारी काष्टीचा बाजार. बैल, गाई, शेळ्या, मिरच्यांचे ढीग, गोडी शेव, जिलबी, टोपल्या, दोरखंड, आणि ह्या सगळ्यात आमची कॅरॅव्हॅन. गाडी लावायला जागा शोधत होतो तर एक जण काचेवर टकटक करून म्हणाला, "रस काय ग्लास?" चला, दवाखान्यावरून रसवंतीवर आलो.

मी जिलबी घेतली. तिथे ती कागदावर इतकी मनमोकळी वाढतात की पुण्यात तेवढ्यात आमची चार घरं भागली असती. भाऊजी जिलबीला हात लावेनात. त्यांनी शूटिंगच्या दिवशी घातलेला कोट पिशवीतून काढून ओट्यावर पसरला होता आणि तळहाताने त्याच्या सुरकुत्या सपाट करत होते. "बाळ्या, उद्या लागेल ना रे?" त्यांनी दोन दिवसांत पहिल्यांदाच विचारलं. बाळ्या म्हणजे आमचे हे, वय अडुसष्ट. "लागणार म्हणजे काय, लागलाच!" हे म्हणाले आणि तडक बाजारात रेडिओ-रिमोट दुरुस्त करणाऱ्या सलीमभाईंना घेऊन आले.

सलीमभाई टपावर चढले आणि तिथूनच विचारते झाले, "ह्ये डिशला टोपरं कुनी घातलंय?"

आता सांगते. आमच्या घरात वस्तू उघडी ठेवायची पद्धत नाही. फ्रिजला झालर, मिक्सरला टोपी, रिमोटला प्लॅस्टिक, सोफ्यावर चादर आणि चादरीवर दुसरी चादर. डिशवर धूळ बसेल म्हणून मीच तिला अभ्रा शिवला होता. डिश विकणाऱ्याला विचारूनही घेतलं होतं, तो म्हणाला, कापड चालतं. मग माझी एक जुनी जरीची साडी होती, काठ-पदर सगळा भरगच्च. काठ विरले नव्हते, टाकायचं जिवावर आलं होतं. पदर बरोब्बर डिशच्या तोंडावर आला होता. काय शोभत होता!

"काकू," सलीमभाई म्हणाले, "ह्या जरीत तार असती. सिग्नल बिचारा भाईरच हुबा ऱ्हातोय." आणि त्यांनी नाडी सोडून अभ्रा माझ्या हातात दिला.

टीव्ही लागला. लगेच! एक बाई कुकर विकत होती. मी आयुष्यात कुणा कुकरवालीकडे इतक्या कौतुकाने पाहिलं नसेल. हे माझ्याकडे बघत होते. दोन दिवस मी ह्यांच्या अकलेचे जे वाभाडे काढले होते ते सगळे आता व्याजासकट परत येणार हे मला कळलं, आणि आलेही. पार मिरजगावचा फाटा येईपर्यंत आले. मी जिलबी खात राहिले.

मिरजगावजवळची वस्ती, रविवार

रविवारी आठलाच हमरस्ता सोडून आम्ही शंकररावांच्या वस्तीच्या रस्त्याला लागलो. रस्ता म्हणजे काय, जिथे खड्डा नव्हता तिथे दगड होता. दोन्ही बाजूंना छातीएवढी ज्वारी, कणसं नुकती दुधात आलेली. भाऊजी प्रत्येक रान ओळखीच्या माणसासारखं न्याहाळत होते. "हे वाण नव्हे. हे पण नव्हे," म्हणत होते. एका चरावर गाडी आदळली, वरून खाडकन आवाज आला. डिशची पकड तुटली होती. डिश टपावर आडवी पडली होती, पण बाकी धड होती.

शंकरराव साठीचे असतील. वस्तीवर सात-आठ घरं, एकाच भावकीची. आमची गाडी येताच सगळी जमली, कारण त्यांच्या रानाचं शूटिंग दाखवणार होते आणि त्यांचा स्वतःचा टीव्ही विजेअभावी बंद होता. "डीपी जळालीय आठ दिस झाले," शंकरराव म्हणाले. "वायरमन म्हनतो येतो, येतो. त्यो काय येतोय! आता तुमच्याच गाडीवर मदार हाय." फोनची रेंज फक्त एका बाभळीखाली, तीही बोलण्यापुरती.

शंकररावांच्या सुनेने, मंदाने, आमच्यापुढे शिपी आमटी आणि चुरलेली चपाती ठेवली. डाळींच्या पाण्याची ती लालभडक आमटी एवढ्या सकाळी! पहिल्या घोटाला माझ्या कानांतून वाफ निघाली. ह्यांनी दोनदा घेतली आणि मग नाक पुसत टपावर चढले. पकडच नाही म्हटल्यावर दुसरा इलाज नव्हता, डिश हातात धरूनच उभं राहायचं होतं. शंकररावांनी तार-दोरी सगळं सुचवून पाहिलं. "कोणी हात लावू नका," हे वरून म्हणाले, "मी धरतो. तासभर धरतो." आणि खरंच धरली. अडुसष्ट वर्षांचा माणूस, कानाला मफलर, दोन्ही हातांनी डिश छातीशी कवटाळून आग्नेयेकडे तोंड करून उभा. मी त्यांना हसले, पण खरं सांगते, आतून फार बरं वाटलं मला त्यांच्याबद्दल.

अकराला पाच कमी होते. गाडीत दाटीवाटीने दहा-बारा माणसं, दारात आणखी सहा. भाऊजी उठले. "मी आलोच," म्हणाले आणि कोट घेऊन त्या संडासात शिरले. स्वतःला टीव्हीवर बघायला हा माणूस कोट घालणार होता! त्या खोलीत कोट घालायचा म्हणजे एक हात खिडकीतून बाहेर काढावा लागतो. आत पंखा एवढा घरघरतो की बाहेरचं काही ऐकू जात नाही, पण आतून धडपडल्याचे आवाज येत होते.

"उजवीकडे घ्या!" मी खिडकीतून ओरडले. "थोडी खाली! थांबा!"

चित्र आलं. सनई-बिनई वाजली, निवेदिका हसली, आणि पडद्यावर शंकररावांचं रान. "आपलाच बांद!" कुणीतरी ओरडलं. रानात एक तरणा साहेब उभा होता, गॉगल डोक्यावर सरकवलेला. खाली पट्टीवर त्याचं नाव आणि मोठा हुद्दा. तो सांगत होता, आम्ही बारा-तेरा वर्षं ह्या वाणावर काम करतोय, कणीस उभ्या पिकातच निवडायचं, बांधाचं घ्यायचं नाही, मधल्या रानातलं घ्यायचं. शब्द न शब्द भाऊजींचा. मी ती टिपणं वाचली आहेत, टंकूनही दिली आहेत. साहेबाच्या मागे, जरा अस्पष्ट, भाऊजी बियाण्याच्या जुन्या कणसांची जुडी हातात धरून उभे होते. साहेबाने मागे हात केला, भाऊजींनी जुडी पुढे केली. पट्टीवर आलं, 'स्थानिक शेतकरी'.

"ह्यो कोन गाबडं?" शंकरराव हळूच म्हणाले. "ह्यो तर त्या दिवशी शेवटची दोन मिंटं सोडली तर निस्ता ऊस खात बसला हुता." मंदाने माझ्याकडे बघितलं. संडासाच्या दाराची कडी वाजली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. इतकी वर्षं ह्या माणसाने गिळलं ते गिळलं, आज कोट घालून, आपल्या माणसांत बसून परत गिळायचं?

"डावीकडे घ्या!" मी खिडकीतून ओरडले.

"अगं, बरोबर आहे म्हणालीस ना आत्ता?"

"डावीकडे म्हणते ना! अजून! अजून डावीकडे! आता तिथेच धरा!"

पडदा निळा झाला. भाऊजी कोटाची बटणं लावत बाहेर आले. केसही विंचरले होते. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"आला नाही?" ते म्हणाले.

"न्हाई ओ काका," शंकरराव म्हणाले. त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. "मगापास्नं निळंच हाय सगळं."

"व्हय, निळंच," दारातला एक म्हातारा म्हणाला. मग सगळेच म्हणाले. दहा-बारा माणसं, एकमेकांना न विचारता एकच खोटं इतक्या सफाईने बोलली की मी थक्क झाले. आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीवरून चार माणसांचं एकमत होत नाही.

"ह्या बाळ्याच्या हातून एक काम धड होईल तर शपथ!" भाऊजी म्हणाले आणि खाटेवर टेकले. कोटाच्या बाहीवर पांढरी धूळ लागली होती, ती झटकत राहिले.

मग मंदा म्हणाली, "काका, तुमी काय बोल्लात ते तुमीच सांगा की. आमी त्या दिवशी कामात हुतो, कुनीच ऐकलं न्हाई."

"आता काय सांगायचं," भाऊजी म्हणाले. पण म्हणता म्हणता उठलेच. मग सुरू झाले, आणि काय सुरू झाले! कणीस कधी निवडायचं, दाण्यावर नख दाबून कसं बघायचं, निवडलेल्या कणसाला दोरा का बांधायचा, चुलीवरच्या आढ्याला धुरात किती दिवस टांगायचं, कडुनिंबाचा पाला कुठल्या थराला घालायचा. मी त्यांच्या घरात सून म्हणून आल्यापासून त्यांना इतकं सलग बोलताना ऐकलं नव्हतं. आवाज कसा खणखणीत लागला होता. मधेच ते थांबले आणि म्हणाले, "हे माझं नाही हं. हे मला गयाबाईंनी शिकवलं. शंकरराव, तुमच्या आईनं. मी अहवालात त्यांचं नाव घातलं होतं. दर वर्षी घालायचो. वरती खोडायचे."

शंकररावांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. भाऊजी गयाबाईंबद्दल सांगू लागले. दुष्काळाच्या साली खायला दाणा नसताना तिने आढ्याचं बियाणं कसं कुणाला हात लावू दिलं नाही, स्वतःच्या नवऱ्यालासुद्धा नाही, आणि पाऊस पडल्यावर सगळ्या वस्तीला ओंजळ ओंजळ कसं वाटलं. दारातली माणसं आत सरकली. मी डोळे पुसले. पुसले म्हणजे पुसले, लपवायचं काय त्यात!

अर्धा तास तरी झाला असेल. भाऊजी बियाण्याची पेरणी सांगत होते, मातीत किती खोल ते बोटाच्या पेराने दाखवत होते, तेवढ्यात खिडकीच्या वरून ह्यांचा चेहरा उलटा खाली आला. थंडीने नाक लाल, एक हात वर डिशला तसाच धरलेला असणार, आणि आतल्या गर्दीत भाऊजी काही त्यांना दिसत नसणार.

"अगं, दादाचा आवाज येतोय! काय स्वच्छ येतोय!" हे कुजबुजले. "लागला ना शेवटी? हलवू नको ना?"

"मुळीच हलवू नका," मी म्हटलं. "अगदी तस्संच धरा."